मोजायचे कोणी?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या हवेतल्या रेडिओलहरींवर खोडदहून सतत लक्ष असते. तिथे माणसे आहेत, उपकरणे आहेत, नोंदी आहेत. नको ती लहर पकडली गेली की तिचा उगम शोधायला माणसे बाहेर पडतात. विजेच्या तारेवर ढिल्या सांध्यातून ठिणग्या उडत असतील तर तो खांब हुडकला जातो, दुरुस्त करून घेतला जातो. हे सगळे खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी.

त्याच हवेत राहणाऱ्या माणसांसाठीही सरकारने एक मर्यादा घातली आहे. मोबाइल टॉवरमधून निघणाऱ्या लहरी माणसाच्या अंगावर किती पडाव्यात याची. ती पाळली जाते का, हे आपल्या गच्चीवर मोजून हवे असेल तर नागरिकाने केंद्राच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर अर्ज करायचा. २०१७ च्या मे महिन्यात हे पोर्टल सुरू झाले तेव्हा या मोजणीचे शुल्क ठेवले गेले ४००० रुपये.

दुर्बिणीसाठी मोजणे हे सरकारी पैशाने चालणाऱ्या संस्थेचे रोजचे काम आहे. माणसासाठी मोजायचे तर माणसाने पैसे भरायचे. आमचा आक्षेप या एका गोष्टीला आहे.

आक्षेप मर्यादेच्या आकड्याला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कारण या विषयावर बोलायला लागले की लोक दोन गटांत उभे राहतात. एका गटाला टॉवर म्हणजे कॅन्सर वाटतो. दुसऱ्या गटाला प्रश्न विचारणारा प्रत्येक जण अडाणी वाटतो. गच्चीवरचा आकडा दोघांपैकी कोणाकडेच नसतो.

दुर्बिणीला लागणारी शांतता आणि माणसाला लागणारी सुरक्षा यांची तुलना आकड्यांत करायची तर ती अशी. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ हा पट्टा जगभर रेडिओ खगोलशास्त्रासाठी राखून ठेवलेला आहे. हायड्रोजनची लहर तिथे येते. या पट्ट्यात कोणी प्रक्षेपणच करायचे नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. दुर्बिणीला बाधक ठरणारी पातळी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत दिलेली आहे. ती चौरस मीटरला एका वॅटचा सुमारे एक अब्जांशाचा एक अब्जांश भाग इतकी सूक्ष्म आहे. त्याच वारंवारतेला भारतीय नियमाने माणसासाठी चालणारी पातळी आहे चौरस मीटरला ०.७ वॅट. दोन आकड्यांत सातावर सतरा शून्यांचा फरक आहे.

हा फरक पाहून दचकायचे कारण नाही. दुर्बीण ऐकण्यासाठी आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरून येणारी कुजबूज टिपायची तर शेजारी कोणी श्वाससुद्धा जोरात घेऊन चालत नाही. माणसाच्या शरीराचा प्रश्न निराळा. या लहरी शरीरात मुरल्या तर ऊब निर्माण होते. ती किती झाली म्हणजे शरीराला सोसवणार नाही, त्यावर माणसाची मर्यादा बेतलेली आहे. त्यामुळे दुर्बिणीचा आकडा माणसाला लावा, अशी मागणी कोणी करत असेल तर ती चुकीची आहे. ही दुर्बीण स्वतः काहीही प्रक्षेपित करत नाही, तिचे काम केवळ ग्रहण करण्याचे, हेही पुन्हा पुन्हा सांगावे लागते. खोडदच्या तबकड्यांमुळे पाऊस पळतो, पिके बिघडतात, असे कोणी म्हणत असेल तर त्याला काही आधार नाही.

माणसाचा आकडा आला कुठून? शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ४ वॅट इतकी ऊर्जा मुरली तर शरीराचे तापमान अंदाजे एक अंशाने वाढते. ‘इक्निर्प’ या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९८ साली त्याचा पन्नासावा भाग, म्हणजे किलोला ०.०८ वॅट, सर्वसामान्य माणसासाठी ठरवला. त्यावरून हवेतल्या लहरींच्या पातळ्या काढल्या. भारताने २००८ मध्ये या पातळ्या स्वीकारल्या. पुढे मंत्रालयांच्या संयुक्त समितीने आणखी सावधगिरी सुचवली, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी त्यांचाही दहावा भाग लागू झाला. ९०० मेगाहर्ट्झला ०.४५ वॅट. १८०० ला ०.९. दोन हजारांच्या वर सरसकट १ वॅट, सगळे चौरस मीटरमागे. अनेक प्रगत देश आजही दसपट ढिल्या मर्यादेवर चालतात. दूरसंचार कंपन्यांची संघटना आपल्याकडची मर्यादाही तिथवर सैल करा, असे सांगत आली आहे.

दूरच्या टॉवरच्या मंद लहरींत वर्षानुवर्षे राहिल्याने काय होते, यावर वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले. या गटात ठोस पुरावा झालेल्या गोष्टी नसतात. शंका पुरती फिटलेली नाही अशा गोष्टी असतात. म्हणून २०१२ चा निर्णय शहाणपणाचा होता. संशय असेल तिथे हात आखडता घ्यावा, आणि सरकारने तो घेतला.

पण मर्यादा छापली आणि काम संपले, असे धरले गेले. टॉवर सुरू करण्याआधी मर्यादा पाळल्याचे प्रमाणपत्र कोण देते? कंपनी स्वतः. दूरसंचार खात्याचे क्षेत्रीय अधिकारी दर वर्षी त्यांतले सुमारे दहा टक्के टॉवर निवडून तपासतात. नियमभंग सापडला तर लाखांत दंड आहे, टॉवर बंद करण्याची तरतूदही आहे. तरीही दहापैकी नऊ टॉवर त्या वर्षी कागदावरच तपासलेले असतात. तपासलेल्या दहाव्याचा आकडा गावाला कोणी वाचून दाखवत नाही. पोर्टलवर टॉवर नियमात बसतो की नाही एवढे समजते. नियमात बसतो म्हणजे मर्यादेच्या शंभराव्या भागाला आहे की काठावर आहे, हे घरात राहणाऱ्याला कळायला हवे. काठावरचा टॉवर आणि शंभराव्या भागाचा टॉवर यांना एकच शेरा मिळतो.

शिवाय प्रमाणपत्राला तारीख असते. त्या दिवशी समोर काय होते त्याचे ते प्रमाणपत्र. पुणे-नाशिक रस्त्यावरची आपली गावे पाहा. मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा. पंधरा वर्षांपूर्वी जिथे एकमजली घरे आणि मोकळे प्लॉट होते, तिथे आज चार-पाच मजली इमारती उभ्या आहेत. टॉवर आधी आला, इमारत नंतर. अँटेनाचा मुख्य झोत साधारण आडवा, किंचित खाली झुकलेला असतो. टॉवरच्या पायथ्याशी तो फारसा पडत नाही. समोरच्या, त्याच उंचीवरच्या खिडकीत तो थेट जातो. ज्याच्या गच्चीवर टॉवर आहे त्याला भाडे मिळते आणि त्याच्या घरात लहरी बहुधा कमीच असतात. भाड्याचा एक रुपयाही न मिळणारा समोरचा माणूस झोतात राहतो. लोकांच्या मनातले चित्र याच्या नेमके उलट आहे. लोक टॉवरच्या खाली उभे राहायला घाबरतात आणि समोरच्या तिसऱ्या मजल्यावर निर्धास्त फ्लॅट घेतात.

हे खात्यालाही ठाऊक आहे. म्हणूनच अँटेनाच्या समोर, तिच्याच उंचीच्या इमारतीपर्यंत किती अंतर हवे याचे कोष्टक खात्याने घालून दिले. एक अँटेना असेल तर २० मीटर. दोन असतील तर ३५. सहाला ५५. बाराला ७५ मीटर. आता आळेफाट्याच्या चौकात उभे राहून वर पाहावे. एका टॉवरवर किती अँटेना आहेत, त्यांतल्या कुठल्या कोणत्या दिशेला तोंड करून आहेत, समोरची नवी इमारत किती मीटरवर आहे, हे तिथे कोणी पट्टी लावून पाहिले आहे का? इमारतीला बांधकाम परवानगी देणारे कार्यालय वेगळे, टॉवरला मान्यता देणारे वेगळे. नव्या मजल्याची फाइल टॉवरच्या फाइलला भेटतच नाही.

त्यात एका टॉवरवर आता अनेक कंपन्या. आधी २जी, मग ४जी, मग ५जी. प्रत्येक नव्या यंत्राने थोडी भर पडते. नियम असे सांगतो की सगळ्या कंपन्यांच्या, सगळ्या वारंवारतांच्या लहरींची आपापल्या मर्यादेशी तुलना करायची आणि त्या अपूर्णांकांची बेरीज एकाच्या आत ठेवायची. नियम नीट विचार करून केलेला आहे. पण बेरीज करायला सगळे आकडे एका जागी लागतात. ते एका जागी आणण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे त्या खिडकीत उपकरण धरून मोजणे. कंपनीच्या गणिताने आलेली बेरीज आणि खिडकीत मोजलेली बेरीज जुळते का, हे पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा कशावर?

नारायणगावच्या बाजारात शेतकरी टोमॅटो घेऊन जातो तेव्हा माल त्याच्या डोळ्यांसमोर काट्यावर चढतो. तो काटा वैधमापन खात्याने तपासलेला असावा लागतो. पडताळणीचे प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असे लावावे लागते. आडत्या म्हणाला की माझ्या हिशेबाने एवढे भरले, काटा बघायचा असेल तर ४००० रुपये भरा, तर बाजार त्या दिवशी बंद पडेल. लहरींच्या बाबतीत हीच व्यवस्था आपण निमूट मान्य केली आहे. लहर डोळ्यांना दिसत नाही, तिला वजन नाही, वास नाही. न दिसणाऱ्या गोष्टीचा काटा तर अधिक उघड्यावर हवा.

४००० रुपये फार नाहीत, असे कोणी म्हणेल. घोडेगावच्या पलीकडे राहणाऱ्या शेतमजुराला विचारून पाहावे. पण रक्कम चाळीस रुपये असती तरी आक्षेप राहिला असता. विहिरीचे पाणी दूषित आहे का, हे आरोग्य खाते तपासते, गावाला पावती फाडत नाही. मर्यादा सरकारने घातली, परवाना सरकारने दिला, लहरींचा लिलाव करून पैसाही सरकारने घेतला. तर पडताळणीचा खर्च लहरी अंगावर घेणाऱ्याने का करावा?

टॉवर नकोत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. आंबेगावात तर तसे म्हणवणारही नाही. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. गाव दिसत नाही, हे बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळले ते तिथे पोचलेल्या एसटीच्या चालकामुळे. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची, भीमाशंकरच्या रानातली, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातली गावे आजही रेंजसाठी टेकाडावर चढतात. बाळंतिणीसाठी गाडी बोलवायला, साप चावल्यावर, बिबट्या वस्तीत शिरल्यावर फोन लागावा लागतो. आणि रेंज कमी असेल तिथे हातातला फोनच जास्त ताकदीने लहरी सोडतो, तीही कानाला चिकटून. त्या फोनसाठी वेगळी मर्यादा आहे, एक ग्रॅम ऊतकावर सरासरी काढून किलोला १.६ वॅट. टॉवर जवळ आला की फोनचा जोर कमी होतो. दूरचा टॉवर म्हणजे सुरक्षित टॉवर, हे समीकरण म्हणूनच चुकते. टॉवर हवेत. त्यांच्या आकड्यांसह हवेत.

आकडा नसला की काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. गावाला भीती वाटते, ग्रामपंचायत टॉवरविरुद्ध ठराव करते, कंपनी न्यायालयात जाते. सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीचा असा ठराव मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केला. अपायाचा शास्त्रीय पुरावा समोर नाही, असे न्यायालयाने नोंदवले. त्याच्या दशकभर आधी, २०१२ साली, राजस्थान उच्च न्यायालयाने मात्र शाळा-रुग्णालयांजवळचे टॉवर काढायला सांगितले होते. दोन न्यायालये, दोन दिशा. दोन्हीकडे वाद जगभरच्या अहवालांवर झाला. त्या शाळेच्या वर्गात, त्या गावच्या चावडीत त्या दिवशी किती वॅट होते, हा साधा प्रश्न बाजूला राहिला. जगभर जिथे जिथे प्रत्यक्ष मोजले गेले, तिथे बहुतेक जागी आकडा मर्यादेच्या खूपच खाली आला आहे. जुन्नर-आंबेगावातही तसाच येईल अशी शक्यता मोठी आहे. मग तो लावायला संकोच कसला? कमी आलेला आकडा भीती घालवण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. त्यासाठी कंपन्यांनी जाहिराती द्यायची गरज नाही, खात्याने शिबिरे घ्यायची गरज नाही.

आणि एखाद्या ठिकाणी जास्त आला तर? उपाय अवघड नसतो. अँटेनाची दिशा किंवा उंची बदलायची, ताकद कमी करायची. दुर्बिणीला त्रास झाला की हे करता येते, हे याच तालुक्यांनी पाहिले आहे.

हीच गोष्ट मनाला सर्वांत जास्त लागते. लहरी मोजायला लागणारी विद्या इथे नाही, असे कोणाला म्हणता येणार नाही. देशातले पहिले व्यावसायिक उपग्रह भूस्थानक १९७१ साली जुन्नर तालुक्यात, आर्वीला झाले. पुढे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरांच्या गोंगाटापासून दूर म्हणून खोडदची जागा निवडली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. चौदा मध्यभागी, उरलेल्या सोळा तीन बाहूंवर, २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. दुर्बिणीचे नवे ग्राहक चार पट्ट्यांत ऐकतात, आणि त्यांतल्या शेवटच्या दोन पट्ट्यांच्या दरम्यान ८५० ते १०५० मेगाहर्ट्झची जागा सोडलेली आहे. मोबाइलचा ९०० चा पट्टा नेमका तिथे बसतो. म्हणजे टॉवर या हवेत किती बोलतात, याचा हिशेब खोडदच्या शास्त्रज्ञांना रोज करावा लागतो. दर वर्षी विज्ञान दिनाला खोडदला हजारो शाळकरी मुले येतात, तबकड्या बघतात, तारे कसे ऐकायचे ते शिकतात. आपल्या शाळेच्या वर्गात किती वॅट आहेत, ते मुलांना माहीत नसते. त्यांच्या गुरुजींनाही नसते.

या दुर्बिणीसाठी दोन्ही तालुक्यांनी किंमत मोजली आहे. इथे कारखाना काढायचा तर दुर्बिणीला बाधा नाही, अशी ना-हरकत लागते. मोठी औद्योगिक वसाहत खेडपाशी, चाकणला थांबली. तरुण पोरे नोकरीसाठी रोज तिकडे जातात. पुणे-नाशिक जलद रेल्वेचा नारायणगाववरून आखलेला मार्ग दुर्बिणीला अडथळा म्हणून रेल्वेमंत्र्यांनी बाजूला ठेवला, आणि त्यावरून इथल्या लोकांचा संताप अजून निवलेला नाही. रेल्वेचा वाद स्वतंत्र आहे, त्याचा निवाडा या स्तंभात होणार नाही. त्यातून एवढे मात्र सिद्ध होते की रेडिओलहरींचा एक सूक्ष्म आकडा सरकारला पुरेसा महत्त्वाचा वाटला तर त्यासाठी रेल्वेचा मार्गसुद्धा बदलतो. तसाच मान लोकांच्या अंगावर पडणाऱ्या लहरींच्या आकड्याला मिळावा, असे मागणे अवाजवी कसे?

दुर्बिणीने माणसांसाठी मोजावे, असे आमचे म्हणणे नाही. तिचे काम वेगळे, तिची उपकरणे वेगळ्या प्रतीची, तिच्या माणसांचा वेळ मौल्यवान. जबाबदारी दूरसंचार खात्याची आहे आणि तिथेच राहिली पाहिजे. खात्याने दोन्ही तालुक्यांतला प्रत्येक टॉवर एकदा मोजावा. नमुन्याचे दहा टक्के नव्हे, प्रत्येक. टॉवरच्या पायथ्याशी मोजू नये. समोरच्या सर्वांत उंच खिडकीत, जवळच्या शाळेत आणि दवाखान्यात मोजावे. मोजताना ग्रामपंचायतीचा एक सदस्य हजर असावा. टॉवरवर नवी कंपनी आली किंवा समोर नवा मजला चढला की पुन्हा मोजावे, आणि त्या मजल्याला भोगवटा दाखला देण्याआधी तो आकडा कागदपत्रांत लागलेला असावा. आलेला आकडा, मर्यादा, त्यांचे प्रमाण, तारीख आणि जागा, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लिहावे. नागरिकाच्या अर्जावरचे शुल्क रद्द करावे.

यासाठी नवा कायदा लागत नाही. खात्याकडे उपकरणे आहेत, माणसे आहेत, अधिकार आहेत. मर्यादा तर २०१२ पासून आहे. ग्रामपंचायतींनीही टॉवर हटवा असे ठराव करण्याऐवजी टॉवर मोजा असा ठराव करावा. तो कोणत्याही न्यायालयात सहजासहजी पडणार नाही. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला खोडदपासून सुरुवात व्हावी, आणि ठरावाची प्रत खात्याच्या क्षेत्रीय कार्यालयाबरोबर खासदार-आमदारांनाही जावी. रेल्वेसाठी ते रस्त्यावर उतरले, संसदेत बोलले. या मागणीला तर त्यांच्या एका पत्राने सुरुवात होऊ शकते.